‘नातं’ या रकान्यात काय लिहायचं?



२०२०-२१ च्या हिवाळ्याविषयी आता आपल्यात फारसं कोणी बोलत नाही. बोललोच तर गमतीच्या गोष्टी बोलतो. भाजीच्या पिशव्या पुसून घरात घेणं, झूमवरची दिवाळी, वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा. मीही त्या आठवणींना हसतो. पण त्या हिवाळ्याने आमच्या घरातली एक मोठी चूक उघडी पाडली. अलीकडे मंडळातल्या चार-पाच तरुण कुटुंबांशी बोलताना लक्षात आलं, की तीच चूक आजही घरोघरी तशीच आहे. म्हणून हा लेखप्रपंच. मी वकील नाही, डॉक्टर नाही, विमा विकत नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा साधा इंजिनिअर आहे. तेव्हा हे एका शेजाऱ्याचं मत समजून वाचावं.

त्या वर्षी दिवाळी १४ नोव्हेंबरला होती. फराळाचे डबे एकमेकांच्या दारात ठेवून आपण ती साजरी केली. त्यानंतरच्या आठवड्यात, २० नोव्हेंबरच्या रात्रीपासून, मिनेसोटात चार आठवड्यांची बंधनं लागू झाली. हॉटेलात बसून खाणं बंद, जिम बंद, आणि दुसऱ्या घरातल्या माणसांना भेटणंही बंद. घरात नाही आणि अंगणातही नाही.

आमचं दोन बेडरूमचं अपार्टमेंट. जेवणाच्या टेबलावर माझं ऑफिस, बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर पत्नीचं ऑफिस, आणि सोफ्यावर मुलीची शाळा. मुलगी पाच वर्षांची, नुकतीच किंडरगार्टनमध्ये गेलेली. तिला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, पण स्वतःला ‘म्यूट’ करता येत होतं. कोणाची मीटिंग जास्त महत्त्वाची यावरून आम्हा नवरा-बायकोची दिवसातून दोनदा वादावादी व्हायची. साडेचारला अंधार पडायचा. हीटिंगचं बिल वाढलं होतं. घरून काम करतो म्हणून टॅक्समध्ये काही सवलत मिळेल, या आशेने मी बरंच वाचन केलं. तेव्हा कळलं, की नोकरदारांसाठी फेडरल टॅक्समधली ती सवलत २०१८ पासूनच बंद आहे. शाळेनंतरच्या पाळणाघरासाठी डिपेंडंट केअर एफएसएमध्ये ५००० डॉलर बाजूला टाकले होते. पाळणाघर बंद, म्हणजे पैसे बुडणार, म्हणून मी नोव्हेंबरभर चिडचिड केली. (डिसेंबरअखेरच्या कायद्याने ते पैसे पुढच्या वर्षात नेऊ देण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आणि आमच्या कंपनीने ती दिली. चिडचिड मात्र वाया गेली.)

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की त्या हिवाळ्यात माझं सगळं लक्ष असल्या गोष्टींवर होतं. ऑफिसात माझं काम काय, तर एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा तयार ठेवायचा. घरात दुसरा सर्व्हर नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्हा दोघांनाही कोविड झाला. मला ताप आणि अंगदुखी. पत्नीचा खोकला मात्र वाढत गेला आणि सहाव्या दिवशी संध्याकाळी बोटावरच्या ऑक्सिमीटरने ८९ आकडा दाखवला. डॉक्टरांच्या फोनवरच्या नर्सने सांगितलं, ताबडतोब इमर्जन्सीत आणा. अंगात १०२ ताप असताना मी गाडी चालवली. मागच्या सीटवर मुलगी, स्नोसूटमध्ये, हातात टॅब्लेट. दारातून पत्नीला व्हीलचेअरवर आत नेलं. मी स्वतः पॉझिटिव्ह, मला आत जाता येणार नव्हतं. मी पार्किंगमध्ये गाडी सुरू ठेवून बसलो.

थोड्या वेळाने नोंदणीच्या बाईंचा फोन आला. नाव, जन्मतारीख, इन्शुरन्स, सगळं पाठ होतं. मग त्यांनी विचारलं, “तुमच्याशिवाय दुसरा इमर्जन्सी काँटॅक्ट?” मी मंडळातल्या एका मित्राचं नाव सांगितलं. “पेशंटशी नातं?” “मित्र.” “इथे नात्याचं कोणी?” मी म्हटलं, नाही, सगळे भारतात आहेत. मग त्या जरा थांबून म्हणाल्या, “मुलीला कोण बघतंय?” मी म्हटलं, “ती माझ्या मागे बसली आहे.”

बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी धीर दिला, फॉर्ममध्ये मित्राचं नाव लिहिलं, काळजी घ्या म्हणाल्या. पण त्या रात्री मला झोप आली नाही. मुलीला शेजारी घेऊन मी दर तासाला स्वतःचा ऑक्सिजन मोजत होतो. उद्या माझाही आकडा खाली गेला आणि दारात ॲम्ब्युलन्स आली, तर ते लोक पाच वर्षांच्या मुलीला कोणाच्या हवाली करतील? मंडळात तिला दहा मावश्या आणि दहा काका आहेत. पण त्यांतली एकही मावशी ‘मावशी’ आहे, असा कागद कुठे आहे?

आणि खऱ्या मावशीला किंवा आजी-आजोबांना बोलवावं म्हटलं, तर ते त्या वेळी येणार कसे? भारतातून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं २०२० च्या मार्चपासून बंद होती. वंदे भारत आणि करारानुसार सोडलेली मोजकी विमानं, तीही व्हिसा असेल त्यांच्यासाठी. आमच्या आईबाबांचा व्हिसा संपलेला आणि नव्या व्हिसाच्या तारखा मिळत नव्हत्या.

सुदैवाने असं काही घडलं नाही. चार रात्री ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन घेऊन पत्नी घरी आली. त्या दिवसांत मंडळातल्या तीन कुटुंबांनी आम्हाला अक्षरशः जगवलं. बेल वाजायची, दार उघडलं की वरण-भाताचा डबा, आणि खाली गाडीतून हात हलवणारी माणसं. त्या माणसांचं ऋण फिटणारं नाही. पण माझा मुद्दा इथेच आहे. ही माणसं आमच्यासाठी काहीही करायला तयार होती आणि आम्ही त्यांच्या हातात त्यासाठी लागणारा एकही कागद दिलेला नव्हता. माया त्यांच्याकडे भरपूर होती, अधिकार काहीच नव्हता.

बरं वाटल्यावर आम्ही कागद करायला बसलो. त्यातलं जे आपल्यासारख्यांना उपयोगी आहे तेवढंच सांगतो.

पहिला कागद मुलांचा. मिनेसोटात ‘डेलिगेशन ऑफ पेरेंटल ऑथॉरिटी’ नावाचा साधा फॉर्म असतो. आपण आजारी असू किंवा परदेशी अडकलो, तर मुलाची काळजी, शाळा, डॉक्टर यांचे निर्णय घेण्याचा अधिकार आपण नेमलेल्या व्यक्तीला तात्पुरता देता येतो. जास्तीत जास्त एक वर्षासाठी. आपले हक्क त्याने जात नाहीत. नोटरीसमोर सही केली की झालं. बाहेरच्या राज्यांतल्या वाचकांनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा.

दुसरा कागद मृत्युपत्राचा. घर नसलं, इस्टेट नसली तरी मूल आहे ना? आपल्या पश्चात पालक कोण, हे मृत्युपत्रात लिहिता येतं. शेवटचा निर्णय कोर्टाचा असतो, पण आईबापांची इच्छा लेखी असली की कोर्टाला धरायला काही तरी मिळतं. आम्ही कायमचे पालक म्हणून भारतातल्या माझ्या बहिणीला नेमलं आणि ती येईपर्यंतचे पालक म्हणून इथल्या मित्राच्या कुटुंबाला. ही दोन पायऱ्यांची व्यवस्था आपल्या लोकांनी जरूर करावी, कारण आपले जवळचे नातेवाईक आणि आपली मुलं यांच्यामध्ये एक व्हिसा असतो. उलट दिशेलाही तेच. मुलाचं ओसीआय कार्ड काढून ठेवा. मे २०२० मध्ये भारताने परदेशस्थ लोकांसाठी दार किंचित उघडलं, तेव्हा भारतीय आईबापांच्या ओसीआय असलेल्या लहान मुलांचा पहिल्या यादीत समावेश होता. ज्यांची कार्डं काढायची राहिली होती ते अडकले.

तिसरा कागद आपल्या स्वतःच्या उपचारांचा, हेल्थ केअर डायरेक्टिव्ह. आपण बोलू शकत नसलो तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे त्यात लिहायचं. मिनेसोटात त्यावर नोटरी किंवा दोन साक्षीदार चालतात. नवरा-बायकोने एकमेकांचं नाव लिहिलं की आपण थांबतो. त्या डिसेंबरात आम्ही दोघंही एकाच वेळी आजारी होतो. तेव्हा तिसरं नाव हवंच.

चौथी गोष्ट पैशाची. कंपनीने दिलेल्या आयुर्विम्याच्या फॉर्मवर लाभार्थी म्हणून माझ्या आईचं नाव होतं! २०१२ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा लग्न झालं नव्हतं, त्यानंतर तो फॉर्म मी उघडलाच नव्हता. ४०१(के) मध्ये पती-पत्नीचा हक्क कायदा बराच सांभाळतो, आयुर्विम्यात मात्र जे नाव लिहिलं असेल त्याला पैसे जातात. नाव बदलायला मला पाच मिनिटं लागली आणि आठ वर्षं. अज्ञान मुलाचं नाव नुसतं लिहू नका, विमा कंपनी लहान मुलाच्या हातात पैसे देत नाही. कस्टोडियन किंवा ट्रस्टची सोय करा. शिवाय कंपनीचा विमा सहसा नोकरीबरोबर संपतो. आणि एच-१ वर असलेल्यांना नोकरी गेल्यावर फार तर ६० दिवस मिळतात. स्वतःचा वेगळा टर्म इन्शुरन्स असावा, असं माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं करायला खर्च किती आला? वकिलाची फी आमच्या त्या वर्षी रद्द झालेल्या भारतवारीच्या एका तिकिटापेक्षा कमी होती. मग लोक करत का नाहीत? मला दोन कारणं दिसतात. एक म्हणजे ‘शुभ बोल नाऱ्या’. तिशीत मृत्युपत्राचं नाव काढलं की फोनवर आई म्हणते, “काहीतरी अभद्र बोलू नकोस.” दुसरं कारण जास्त खरं आहे. ते म्हणजे भीड. “आम्हाला काही झालं तर आमच्या मुलीला सांभाळाल का?” हा प्रश्न दुसऱ्याला विचारायचा कसा?

आम्ही पहिल्यांदा ज्या मित्राला विचारलं, त्याने दोन दिवस मागितले. मग फोन करून म्हणाला, “तू विचारलंस याचं बरं वाटलं. पण आम्हाला नाही जमणार. वर्ष-दोन वर्षांत परत जायचं चाललंय आमचं, तुला उगाच खोटा शब्द देत नाही.” मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर पंधरा दिवस मी त्याच्याशी नीट बोललो नाही. आज वाटतं, त्याने माझ्यावर उपकारच केले. हा नकार मला हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये कळला असता तर? शांतपणे विचारायचं ते यासाठीच, की समोरच्याला शांतपणे नाही म्हणता यावं.

दुसऱ्या कुटुंबाला आम्ही संक्रांतीच्या दिवशी विचारलं. त्यांच्या ड्राइव्हवेवर, मास्क लावून, बर्फात सहा फुटांवर उभं राहून. वहिनी म्हणाल्या, “अहो, हे विचारायला इतके दिवस लावलेत?” आणि त्यांचे यजमान म्हणाले, “मग आमच्या दोन्ही मुलांसाठी तुमची नावं घालतो. चालेल ना?” तिळगूळ त्यांनी गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता, तो आम्ही उचलून घेतला.

भारतातल्या आईवडिलांच्या बाबतीतही हाच हिशेब आहे. त्या हिवाळ्यात आमच्या पुण्याच्या बाबांना घेऊन दवाखान्यात गेले ते शेजारचे काका. त्यांच्याकडे घराची किल्ली होती, पण मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे हे माहीत नव्हतं. आता एका पानावर सगळं लिहून ते पान त्यांच्याकडे दिलं आहे: पॉलिसी नंबर, औषधं, डॉक्टर, बँक, आमचे फोन. तिथल्या कामांसाठी इथून कुलमुखत्यारपत्र पाठवायचं असेल तर ते कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून किंवा नोटरी आणि अपॉस्टिल करून पाठवावं लागतं, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. ऐन घाईत हे होत नाही.

कार्यकारिणीला माझी एक विनंती आहे. आपण टॅक्सवर व्याख्यान ठेवतो, रक्तदाब तपासणी ठेवतो. वर्षातून एक शनिवार दुपार या कागदांसाठी ठेवावी. कोरे फॉर्म, एक नोटरी, चहा आणि बटाटेवडे. साक्षीदारांची आपल्याकडे कमतरता नाही.

आमचा मुलीचा फॉर्म दर वर्षी संपतो. म्हणून आम्ही दोन्ही कुटुंबं दर संक्रांतीच्या सुमाराला नोटरीकडे जाऊन नव्याने सह्या करतो. तुम्ही कोणाचं नाव लिहिणार, ते आज रात्री जेवणं झाल्यावर दोघांनी बसून ठरवा. आणि या शनिवारी त्यांना फोन करा.