पत्रिका छापण्याआधी यंत्र बसवा

जाहीर आवाहन

सभागृहांचे विश्वस्त, वाचनालयांचे कार्यवाह, शाळा-महाविद्यालयांचे मुख्याध्यापक आणि प्राचार्य, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते आणि ज्यांच्या वर्गणीतून ही यंत्रं येतात ते सर्व नागरिक यांना,

मोठा प्रोजेक्टर आता मुंबई-पुण्याच्या थिएटरांपुरता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावातलं नाट्यगृह, साखर कारखान्याचं सभागृह, महाविद्यालयाचा हॉल, जुन्या वाचनालयाचा वरचा मजला अशा ठिकाणी वीस-वीस हजार ल्युमेन्सची यंत्रं बसू लागली आहेत. आम्ही ती बसवणारी माणसं. गावात चांगला पडदा आणि चांगला प्रोजेक्टर आला की मुलांना चित्रपट चित्रपटासारखा पाहायला मिळतो, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. म्हणूनच कळकळीची विनंती आहे: उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी यंत्र बसवून, चालवून, तपासून घ्या.

नेमकं उलट घडतं. आधी पाहुण्यांची तारीख मिळते, मग पत्रिका छापली जाते, मग फ्लेक्स लागतो आणि कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो हॉलच्या दारात उभा राहतो. आत रंगाऱ्यांचं काम चालू असतं, फरशी कापण्याची धूळ हवेत असते, वायरमन अजून यायचा असतो आणि पन्नास किलोचा खोका ओढायला उत्साही पोरं जमलेली असतात. आमच्या कामातले बहुतेक अपघात अज्ञानापेक्षा या घाईतूनच होतात. ज्याला काम कळतं तोही रात्री दोन वाजता, शिडीवर, टॉर्चच्या उजेडात चुकतो. त्यामुळे तारीख आधीच ठरून गेली असेल, तर यंत्र कार्यक्रमाच्या निदान चार-पाच दिवस आधी पोहोचेल अशी मागणी विक्रेत्याकडे लेखी करा. पोहोचलं नाही तर कार्यक्रम पुढे ढकलायचा की भाड्याच्या लहान प्रोजेक्टरवर भागवायचं, हेही आधीच ठरवून ठेवा.

आता टेम्पोपासून सुरुवात करू. वीस हजार ल्युमेन्सच्या लेझर प्रोजेक्टरचं वजन साधारण पन्नास किलो असतं. त्याहून मोठी यंत्रं नव्वद किलोच्या पुढे जातात. हे वजन सगळीकडे सारखं नसतं, एका बाजूला जास्त असतं. खोक्याखाली लाकडी पॅलेट असेल तर हातगाडीपेक्षा हायड्रॉलिक पॅलेट ट्रॉली मागवा. ती कोणत्याही गोदामवाल्याकडे भाड्याने मिळते. खोका आडवा करू नका, बाणाची दिशा वरच ठेवा. पुष्कळ खोक्यांवर धक्का किंवा कलंडणं दाखवणारी छोटी खूण चिकटवलेली असते, जोराचा हिसका बसला की तिचा रंग बदलतो. ती बिघडलेली दिसली, कोपरा चेपलेला किंवा ओला दिसला, तर ड्रायव्हर कितीही घाई करत असला तरी बिल्टीवर तसं लिहून, फोटो काढूनच सही करा. कोरी सही दिल्यावर विम्याचा दावा उभा करणं फार अवघड जातं, आणि तो पैसा तुमच्या गावच्या वर्गणीचा असतो.

खोका उघडण्याआधी हॉलमधलं धुळीचं सगळं काम संपलेलं असलं पाहिजे. रंगकाम, ड्रिलिंग, फरशी, सुतारकाम, सगळं. प्रोजेक्टर पंख्यांनी हवा आत ओढतो, हवेबरोबर सिमेंटची आणि घासकामाची बारीक भुकटीही ओढतो, आणि सगळी भुकटी फिल्टर अडवू शकत नाही. पावसाळ्यात कोकणात किंवा घाटमाथ्यावर माल आला असेल, किंवा वातानुकूलित गोदामातून थेट दमट हॉलमध्ये आला असेल, तर त्याला पिशवीतच काही तास राहू द्या. थंड काचेवर आणि सर्किटवर बाष्प धरतं, आणि त्याच अवस्थेत वीज दिली तर आतलं नुकसान होतं. लोकांना वाटतं आम्ही उगाच वेळ काढतोय. तसं नाही.

पट्ट्या कापताना लांब पात्याचा चाकू वापरू नका, आत केबल आणि पिशवी असते. बहुतेक मोठ्या यंत्रांचं वरचं पुठ्ठ्याचं आवरण प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी पॅलेटला जोडलेलं असतं. त्या खिट्ट्या काढल्या की आवरण सरळ वर उचलता येतं, खोका फाडावा लागत नाही. यंत्र उचलताना माणसं चार असू देत, पण हुकूम एकाचाच असू दे. तो “उचला” म्हणेल तेव्हाच सगळ्यांनी उचलायचं, “थांबा” म्हणेल तिथे थांबायचं. हात फक्त कंपनीने दिलेल्या मुठींवर किंवा तळाला. लेन्सला किंवा लेन्सच्या तोंडाला धरून कधीच उचलू नका. पायांत चपला नकोत, बंद बूट हवेत. आणि मुलांना त्या वेळी हॉलबाहेर ठेवा, त्यांना नंतर सगळं प्रेमाने दाखवता येतं.

लेन्स बहुधा वेगळ्या डब्यात येते आणि तीच सगळ्यांत नाजूक असते. यंत्राच्या तोंडात फोमचं बूच किंवा झाकण असतं. ते लेन्स बसवायच्या क्षणीच काढायचं. ते तोंड उघडं राहिलं तर आत गेलेली धूळ पडद्यावर कायम ठिपक्यांसारखी दिसत राहते. लेन्स कोणती घ्यायची हा प्रश्न तर यंत्र मागवतानाच सुटायला हवा, कारण त्यासाठी हॉलचं माप लागतं. पडदा वीस फूट रुंद असेल आणि लेन्सचा फेक-गुणांक (यंत्राचं पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल, तर यंत्र तीस फुटांवर हवं. तिथे नेमका खांब किंवा बाल्कनीचा कठडा आला, तर मग लोक यंत्र वाकडं लावतात आणि चित्र संगणकी करामतीने सरळ करत बसतात. प्रकाश वाया जातो, चित्र मऊ पडतं. म्हणून टेप घेऊन हॉल मोजा, कागदावर आकृती काढा, आणि मगच मागणी द्या.

या साऱ्या कामात एक मागणी आम्ही अतिशय आदराने करतो. यंत्राची पूजा जरूर करा. आम्हीही खंडेनवमीला आमच्या हत्यारांची पूजा करतो. पण नारळ यंत्राजवळ फोडू नका, हळद-कुंकू जाळीवर वाहू नका, कापूर आणि उदबत्ती लेन्ससमोर लावू नका. नारळाचं पाणी व्हेंटमध्ये गेलं तर लाखोंचं यंत्र त्याच क्षणी बंद पडू शकतं, आणि कुंकवाची भुकटी पंख्याबरोबर आत जाते. यंत्र बंद असताना, झाकलेलं असताना, शेजारच्या टेबलावर पूजा मांडा. भाव तितकाच राहतो.

टांगण्याच्या कामाबद्दल मात्र आम्ही तडजोड करणार नाही. प्रोजेक्टर प्रेक्षकांच्या डोक्यावर लटकणार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने छत पाहून लेखी दिल्याशिवाय एकही बोल्ट मारू नका. फॉल्स सीलिंगला वजन पेलत नाही, ती फक्त दिसण्यापुरती असते. पत्र्याच्या छपराचे पाइप किंवा जुन्या नाट्यगृहाचे लाकडी वासे डोळ्यांनी पाहून “चालेल” म्हणणं म्हणजे खालच्या रांगेतल्या माणसांचा जीव पणाला लावणं आहे. वजन स्लॅबमध्ये नीट बसवलेल्या अँकरवर किंवा गर्डरवर आलं पाहिजे. अँकरची आणि साखळीची क्षमता यंत्राच्या वजनाच्या कितीतरी पट हवी, कारण भार नुसता लटकत नाही, तो हलतो, पंख्याने थरथरतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. मूळ आधाराशिवाय वेगळ्या जागी बांधलेली पोलादी सुरक्षा-दोरी हवीच. एक आधार सुटला तर दुसऱ्याने यंत्र धरलं पाहिजे. वर चढवताना चेन कप्पी वापरा. शिडीवर एक जण आणि खालून तिघे ढकलणारे, अशी पद्धत गावोगाव दिसते, ती सोडून द्या. काम चालू असताना खाली दोरी लावून जागा मोकळी ठेवा, वरच्या माणसाला हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट द्या. स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेली फ्रेम चांगली असू शकते, पण वेल्डिंग तपासल्याशिवाय आणि आधी तेवढंच वजन टांगून एक रात्र पाहिल्याशिवाय ती वर नको.

यात्रेतल्या तंबूतला सिनेमा अनेकांना आठवत असेल. तिथे प्रोजेक्टर बहुधा ट्रकमध्येच बसवलेला असे, आणि तंबूवाला तिथे कुणाला हात लावू देत नसे. यंत्राची जागा ठरलेली, हाताळणारा ठरलेला, प्रेक्षक दूर. त्या जुन्या माणसांची ही शिस्त आपण घ्यायला हवी.

विजेचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. एवढा प्रोजेक्टर सहसा दीड किलोवॅटच्या पुढे वीज घेतो. भिंतीतल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून एक्स्टेन्शन बोर्ड काढून त्यावर तो चालवायचा नाही. त्याच बोर्डावर चहाची किटली आणि मंचावरचे दिवे लावायचे, हे तर मुळीच नको. त्याच्यासाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि खरी, मोजलेली अर्थिंग हवी. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मीटर लावून बघा, तो दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसला तर आधी दोष शोधा. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमांत आणखी काळजी घ्यावी लागते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवरचा दाब २३० व्होल्टवरून ४००च्या आसपास जाऊ शकतो. त्या एका सैल नटामुळे प्रोजेक्टर, साउंड आणि मंडळाचं वर्षभराचं अंदाजपत्रक एका सेकंदात जातं. माणसाला शॉक लागू नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावा. जुना दिव्याचा प्रोजेक्टर असेल तर कार्यक्रम संपल्याबरोबर मेन बंद करू नका, आतला पंखा थांबेपर्यंत वीज चालू ठेवा.

मंडप आणि कापड यांचा प्रश्न वेगळा लिहिला पाहिजे, कारण या देशातले कितीतरी खेळ कापडाखालीच होतात. ४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात चित्रपटाचा खेळ होता. लाकडी शेड, रंगवलेलं कापड, वर छताला ताणलेलं कापड. प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यात इंधन भरताना वाफेने पेट घेतला आणि काही मिनिटांत १२०हून अधिक माणसं गेली. आज प्रोजेक्टरमध्ये ईथर नाही, ज्वालाही नाही. पण मागच्या बाजूने गरम हवा जोरात बाहेर पडते, आणि आपण यंत्र वाईट दिसतं म्हणून त्याभोवती साटीनचं कापड गुंडाळतो, थर्मोकोलची पेटी करतो. यंत्राच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेसाठी पुस्तिकेत लिहिलेली मोकळी जागा सोडा. सहसा निदान अर्धा मीटर लागतेच. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी किती तापमान होतं ते आधी मोजा, बहुतेक यंत्रं ४०-४५ अंशांच्या पुढे काम करायला बनवलेली नसतात. आणि हाताशी विजेच्या आगीसाठी चालणारं अग्निशामक ठेवा, त्याची मुदत पाहून.

डोळ्यांची काळजी सगळ्यांत जास्त दुर्लक्षिली जाते. मोठ्या लेझर प्रोजेक्टरवर धोक्याची श्रेणी छापलेली असते. दुसऱ्या श्रेणीत झोतात टक लावून पाहायचं नाही. तिसऱ्या श्रेणीच्या यंत्रासमोर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या आत कुणाचेही डोळे येणारच नाहीत, अशी उंची आणि अडसर ठेवावा लागतो. बाल्कनीत उभ्या राहणाऱ्या, बापाच्या खांद्यावर बसलेल्या मुलाची उंचीही त्यात धरा. लेन्स साफ करताना कोणी यंत्र चालू करू नये म्हणून रिमोट काम करणाऱ्याच्याच खिशात असू द्या. मिरवणुकांमधल्या लेझर झोतांनी पुणे-कोल्हापुरात तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याचं आपण ऐकलं आहे, आणि २०२४च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी असे झोत वापरायला बंदी केली. तोच झोत प्रोजेक्टरच्या लेन्समध्ये गेला तर आतली चिपही जळू शकते. चित्र दाखवणारं यंत्र आणि नाचणारे लेझर एकाच मंचावर समोरासमोर ठेवू नका.

ज्या जुन्या सिनेमागृहांत अजून झेनॉनचा दिवा आहे, त्यांच्यासाठी एकच सांगणं आहे. तो दिवा थंड असतानाही आत मोठा दाब धरून असतो आणि फुटला तर काचेचे तुकडे चेहऱ्यावर येतात. पूर्ण चेहरा झाकणारी ढाल, जाड हातमोजे आणि शिकलेला माणूस नसेल तर तो बदलूच नका.

एवढं सगळं झालं की रिकामा खोका, फोम, पॅलेट भंगारात देऊ नका. वॉरंटीत यंत्र परत पाठवावं लागलं तर त्याच खोक्यातून ते सुखरूप जातं. कोरड्या खोलीत, उंदरांपासून दूर, उंचावर ठेवून द्या. यंत्राची पुस्तिका हॉलच्या कपाटात ठेवा आणि फिल्टर केव्हा साफ केला त्याची वही त्याच कपाटात सुरू करा.

आपल्या संस्थेच्या येत्या मासिक सभेत हा विषय घ्या. यंत्र बसवण्याची सगळी जबाबदारी नावानिशी एका सदस्याला द्या आणि त्याला “आज नको” म्हणायचा अधिकार ठरावाने द्या. छताचा दाखला, वायरिंगचा दाखला आणि एका पूर्ण चित्रपटाच्या चाचणीची नोंद, हे तीन कागद हातात आल्यावरच पाहुण्यांची तारीख घ्या. ज्यांना आमची मदत हवी त्यांनी यंत्र मागवण्याच्या आधीच्या महिन्यात बोलवावं. ठरेल त्या दिवशी हॉल पाहायला, माप घ्यायला आणि तुमच्या वायरमनशी बोलायला आम्ही आनंदाने येऊ, आणि त्यासाठी काही घेणार नाही.

आपले नम्र,
गावोगावी प्रोजेक्टर बसवणारे तंत्रज्ञ