लायसन्स आधी मोजा, मग घ्या
नाखवा मंडळी, बडोद्यात 1889 साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य मंडळी काढली, तेव्हा हिशेब वहीत होता. आता सोसायटीचं ऑफिस, डिझेल पंप, बर्फ कारखाना एकाच सर्व्हरला जोडायचे म्हणतात. जोडा, पण आधी मोजा.

विंडोज सर्व्हरचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर, किमान 16 कोअरचं. वापरणाऱ्यांचं वेगळं. पंपावर एकाच कॉम्प्युटरवर तिघं आळीपाळीने बसतात, तिथं मशीनमागे एक घ्या. सेक्रेटरी तिन्हीकडे फिरतात, त्यांना माणसामागे एक पुरतं. फुकटचं लिनक्सही आहे, पण आपलं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, सांभाळणार कोण, ते आधी विचारा.

आणि लायसन्स सोसायटीच्याच नावावर हवं, विकणाऱ्याच्या नाही. आपल्या डिझेल परताव्याचा हिशेब त्यातच राहणार. वार्षिक सभेत हे विचाराच.