उंबरठ्याच्या आतला व्यायाम आणि सावनेरची हवा

हवामान प्रतिकूल असेल तेव्हा घरातच व्यायाम करावा, हा सल्ला आता सर्रास दिला जातो. मात्र कोणते हवामान आणि कोणते घर, हे सांगण्याची गरज सल्ला देणाऱ्याला क्वचितच वाटते. थंड देशांत तयार झालेल्या व्यायामाच्या बहुतेक पुस्तिकांत आणि चित्रफितींत बाहेर बर्फ व आत ऊब अशी मांडणी गृहीत धरलेली असते, त्यामुळे तेथे उंबरठा ओलांडून आत आले की प्रश्न मिटतो. नागपूरच्या वायव्येस, छिंदवाड्याच्या वाटेवर, कोलार नदीच्या काठी वसलेल्या सावनेरात तो इतक्या सहज मिटत नाही, कारण येथील घर बाहेरच्या हवेपासून कधीच पुरते तुटलेले नसते: मे महिन्यात सिमेंटचा स्लॅब दिवसभर शोषलेली उष्णता मध्यरात्रीपर्यंत खोलीत सोडत राहतो, जुलैत भिंतींना ओल येते आणि थंडीत पहाटेचा धूर फटींतून आत शिरतो. मराठी वाचकाला हे गाव प्रामुख्याने राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी येथे निधन झाले म्हणून ठाऊक असते. खाणी, संत्री आणि कापूस ही त्याची रोजची ओळख असून येथील कष्टकऱ्याला हवा पाहून कामावर जायचे की नाही हे ठरवता येत नाही. प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचे काम दुकानात, कार्यालयात, शाळेत किंवा घरात बसून वा उभ्याने चालते आणि ज्यांचे सकाळचे फिरणे वर्षातील कितीतरी आठवडे बंद पडते.

यातील मूळ मुद्दा शरीराच्या उष्णतेचा आहे. स्नायू काम करतात तेव्हा खर्ची पडलेल्या ऊर्जेपैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीत उतरतो आणि उरलेली सगळी उष्णता बनते. ती बाहेर टाकण्याचा उष्ण प्रदेशातील मुख्य मार्ग म्हणजे घाम, आणि तोही केवळ गळून नव्हे तर त्वचेवरून वाळून उपयोगी पडतो. हवा किती घाम वाळू देईल याचा अंदाज ‘ओल्या फडक्याच्या तापमाना’वरून, म्हणजेच तापमापकाच्या फुग्याभोवती ओले कापड गुंडाळून वारा दिला असता तो जे तापमान दाखवतो त्यावरून घेता येतो. मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ अंशांवर आणि हवेतील आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे ओले तापमान सुमारे २३ अंश भरते. उलट जुलैतल्या एखाद्या कुंद दिवशी पारा अवघा ३२ अंशांवर पण आर्द्रता ८५ टक्के असेल, तर ते जवळजवळ ३० अंशांवर जाते. म्हणजे ज्या दिवसाला सारे गाव सुखाचा मानते, त्या दिवशी घाम वाळण्याची सोय अधिक वाईट असते. याचा अर्थ मे महिना निर्धोक आहे असा मुळीच नव्हे, कारण तेव्हा घाम इतक्या वेगाने वाळतो की तो गेल्याचे कळतही नाही आणि शरीरातील पाणी व क्षार नकळत संपत जातात. शिवाय ज्या क्षणी पाणी कमी पडते त्या क्षणी घामाची सोयही संपते आणि शरीराचे अंतर्गत तापमान ४० अंशांपलीकडे नेणारा उष्माघात संभवतो. तात्पर्य, उन्हाळ्यात अडचण पाण्याची आहे आणि पावसाळ्यात वाऱ्याची. हा भेद लक्षात न घेता बारमाही एकच कार्यक्रम भिंतीवर चिकटवणे, ही घरगुती व्यायामातील सर्वांत मोठी चूक म्हणावी लागेल.

उन्हाळ्याचा विचार प्रथम करावा लागतो, कारण या भागात तोच सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कठोर आहे. नागपूर वेधशाळेने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद केली होती. मे २०२४ च्या अखेरीस शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला तेव्हा तो यंत्रातील दोष असल्याचे हवामान खात्याला सांगावे लागले, आणि तोवर त्या आकड्यावर विश्वास ठेवणारे पुष्कळ निघाले, यावरून येथील उन्हाची ख्याती समजते. अशा दिवसांत संध्याकाळी ऊन उतरल्यावर व्यायाम करण्याची जी पद्धत आहे ती स्लॅबच्या घरात तपासून पाहिली पाहिजे, कारण सूर्य मावळला तरी तापलेले छत मावळत नाही आणि रात्री आठला वरच्या मजल्यावरील खोली बाहेरच्या अंगणापेक्षा गरम असू शकते. कवेलूच्या जुन्या घरात फटींतून हवा खेळत असल्याने हा त्रास काहीसा कमी असतो. टिनाच्या छपराखाली मात्र दिवसा श्रमाचा व्यायाम करूच नये. पहाटे पाच ते साडेसहा हीच या ऋतूतील खरी वेळ, आणि तीही गच्चीवर किंवा ओसरीत, जेथे रात्रभरात फरशी निवलेली असते.

कूलरविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण विदर्भातील उन्हाळी व्यायाम बहुधा त्याच्यासमोरच होतो. कूलर हवा थंड करतो तो पाणी वाळवून, म्हणजे घामाच्याच तत्त्वाने. त्यामुळे तो खोलीत गारव्याबरोबर बाष्पही सोडतो, आणि समोरची खिडकी बंद ठेवली तर अर्ध्या तासात त्या खोलीत जुलैची हवा तयार होते. म्हणून व्यायामाच्या वेळी कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार उघडे असावे, हा नियम गारवा वाया जातो असे वाटूनही पाळावा. साध्या पंख्याची मर्यादा निराळी आहे: खोलीचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले तर पंखा वापरू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, कारण तेव्हा तो गरम हवाच अंगावर फेकतो. उन्हाळ्यात व्यायामाचा प्रकारही बदलावा लागतो. दोरीवरच्या उड्या या ऋतूत बाजूला ठेवाव्यात. श्रमाचे माप म्हणून शास्त्रज्ञ ‘मेट’ हे एकक वापरतात, ज्यात स्वस्थ बसण्याचा खर्च १ धरतात, आणि त्या मापाने दोरीवरच्या उड्यांचा खर्च वेगानुसार ८ ते १२ पर्यंत जातो, म्हणजे शरीर तेवढ्याच पटीने उष्णता निर्माण करते. त्याऐवजी भिंतीला हात टेकून संथपणे केलेले जोर, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, वीरासन, त्रिकोणासन, पाठ व खांदे मोकळे करणारे ताण, आणि मध्ये मध्ये थांबून घेतलेले पाणी किंवा मिठाचे ताक, एवढे पुरेसे असते. उष्ण हवेची सवय शरीराला साधारण एक ते दोन आठवड्यांत होते, म्हणून मार्चअखेरीस व्यायाम एकाएकी वाढवण्याऐवजी हळूहळू ताणत नेणे शहाणपणाचे ठरते.

जुन्या वैद्यकाने हेच वेगळ्या वाटेने सांगितले आहे. ऋतुचर्या, म्हणजे ऋतूनुसार आहार-विहारात करावयाचा बदल, हा विषय वाग्भटाच्या अष्टांगहृदयात विस्ताराने येतो. त्यात सशक्त माणसाने थंडीत व वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही मंद ठेवावा असे मत मांडले आहे, तर ग्रीष्मात व्यायाम टाळावा असे सुचवले आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याचे उत्तर सुश्रुतसंहितेत सापडते: श्वास तोंडाने येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले असे समजावे. आजचे व्यायामतज्ज्ञ मध्यम श्रमाची खूण म्हणून बोलता येते पण गाता येत नाही अशी कसोटी वापरतात, आणि घड्याळ किंवा यंत्र न लागणाऱ्या या दोन कसोट्या एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात. प्राचीन ग्रंथांत सारे काही आधीच होते असा दावा करण्याचे मात्र येथे कारण नाही; आर्द्रता मोजण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते आणि त्यांचा वाचकही बहुधा अंगमेहनतीच्या कामापासून मोकळा असा पुरुषच होता.

पावसाळ्यातील अंतर्गृह व्यायामाची सर्वांत समृद्ध परंपरा स्त्रियांची आहे, आणि तिला व्यायाम म्हणण्याचे कष्ट शारीरिक शिक्षणाच्या ग्रंथांनी फारसे घेतलेले नाहीत. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेच्या घरी होणारी मंगळागौर ही, बाहेर चिखल आणि आत मर्यादित जागा, अशा स्थितीत रात्रभर चालणारी खेळांची मालिका आहे. फुगडीत दोघींच्या शरीराचा भार एकमेकींच्या हातांवर तोलला जातो आणि वेगाने फिरताना तोल व पकड दोन्ही तासून निघतात. बसफुगडीत उकिडव्या अवस्थेतून उड्या मारल्याने मांड्या व नडगीमागचे स्नायू राबतात. झिम्म्यात ताल धरून एकसारखी पावले पडतात आणि गाठोड्यात पाठीचा कणा वाकतो. श्वास जपत गाणेही म्हणावे लागत असल्याने श्रम आपोआप बेताचा राहतो. विदर्भात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाई त्यामानाने शांत असली, तरी फेर धरणे, टिपऱ्या आणि घरोघरी जाणे यांमुळे मुलींच्या अंगाला चलनवलन मिळत असे. आज हे खेळ स्पर्धांच्या व्यासपीठावर, एकसारख्या नऊवारीत, ध्वनिवर्धकाच्या साथीने दिसतात, त्याला हरकत नाही. पण जुलै-ऑगस्टच्या कोणत्याही संध्याकाळी आई आणि मुलगी मधल्या खोलीत दहा मिनिटे फुगडी घालू शकतात, आणि त्यासाठी मंगळवारही लागत नाही. फरशी मात्र कोरडी असावी आणि गुडघेदुखी असणाऱ्यांनी बसफुगडी टाळावी.

पुरुषांच्या परंपरेत पावसाळ्याशी जोडलेला आखाडा आहे, ज्याची नागपंचमीच्या कुस्त्यांशी गाठ पडलेली आहे. त्यातील जोर आणि बैठका या दोन्ही क्रियांना चटईएवढी जागा पुरते. जोर म्हणजे हात व पाय टेकून छाती जमिनीलगत पुढे नेत वर उचलण्याची क्रिया, जी खांदे, छाती व पाठ बळकट करते. बैठक म्हणजे उकिडवे बसून उठणे, जी मांड्यांना काम देते. मुद्गल, म्हणजे खांद्यावरून फिरवण्याचे लाकडी वजनदार साधन, घरात फिरवायचे तर छताचा पंखा आणि घरातील लहान मुले यांचा विचार आधी करावा. विदर्भात या विद्येला संस्थात्मक रूप अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने दिले; वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली होती. दमट हवेत या प्रकारांचे नियोजन वेगळे हवे: सलग शंभर बैठकांऐवजी दहा-दहाचे तुकडे, प्रत्येक तुकड्यानंतर पंख्याखाली श्वास पूर्ववत होईपर्यंत विश्रांती, आणि अंगात सुती बनियन. विजा चमकत असताना मोकळ्या मैदानात किंवा झाडाखाली थांबणे जिवावर बेतू शकते, हे शेतावर जाणाऱ्याला ठाऊक असते. सकाळच्या फेरीचा नेम मोडू नये म्हणून हट्टाने बाहेर पडणाऱ्या नोकरदाराला ते पुन्हा सांगावे लागते.

थंडीची बाब तुलनेने सोपी आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण असे दिवस थोडे असतात आणि हाच ऋतू अधिक श्रमाला योग्य आहे. अडचण येते ती पहाटेच्या हवेची, कारण थंड रात्री जमिनीलगतची हवा वर न चढता साचून राहते आणि तिच्यात शेकोट्यांचा, वाहनांचा व कारखान्यांचा धूर कोंडतो. सावनेर तालुक्यातच १३४० मेगावॅटचे खापरखेडा औष्णिक वीज केंद्र आहे, ही गोष्ट फिरायला जाणाऱ्याने ध्यानात ठेवावी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, वेगाने चालताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. धुके व धूर दाटलेला असेल तेव्हा घरात सूर्यनमस्कार घालावेत आणि ऊन वर आल्यावर फिरायला निघावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत रुजवलेला हा व्यायाम, १९३८ मध्ये लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेल्या इंग्रजी पुस्तकाद्वारे परदेशी वाचकांपर्यंत पोहोचला. धुके आणि कोंदट खोल्यांच्या त्या शहरात, अंथरुणाएवढ्या जागेत होणारा व्यायाम लोकांना रुचला तर नवल नाही.

किती व्यायाम पुरे, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत आहे: प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम, त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारी क्रिया, आणि ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी आठवड्यातून तीन दिवस तोल राखण्याचाही सराव. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी व्यायाम मोजू नये, ही जुनी अट या मार्गदर्शिकेने काढून टाकली, आणि घरातील व्यायामासाठी हा बदल सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यामुळे पाणी तापेपर्यंत केलेल्या बैठका, जिन्याच्या चार फेऱ्या किंवा ओट्याला धरून एका पायावर राहणे, हे सारे हिशेबात येते. घरकामही त्यात धरले जाते. तथापि ‘बायकांना वेगळ्या व्यायामाची गरज काय’ हा युक्तिवाद, जो बहुधा घरकाम न करणारेच करतात, त्याने सिद्ध होत नाही. जाते, उखळ आणि विहिरीचा रहाट यांच्यासोबत खांद्यांचे व पाठीचे जोरकस श्रम घरातून गेले; उरले ते वाकून आणि उभे राहून करावयाचे एकसुरी काम, जे थकवते पण स्नायूंना बळ देईलच असे नाही.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी ऋतू पालटताना औषधांविषयी आणि व्यायामाच्या प्रमाणाविषयी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे, कारण लघवी वाढवणारी काही औषधे उन्हाळ्यात शरीरातील पाणी आणखी कमी करतात. व्यायाम करताना चक्कर, मळमळ, डोके दुखणे, बोलण्यात गोंधळ यांपैकी काहीही जाणवले तर तात्काळ थांबून सावलीत आडवे व्हावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घ्यावा. शुद्ध हरपत असेल तर पाणी पाजण्याच्या भानगडीत न पडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.