'सुरक्षित' हे विशेषण कोणाचे?

माझा एक जुना विद्यार्थी संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायात आहे. मध्यंतरी त्याने जावा या भाषेच्या अधिकृत नियमग्रंथातले एक वाक्य माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "सर, याचा अन्वय लावून द्या." रेफरन्सचे वाचन आणि लेखन नेहमीच अविभाज्य असते, अशा आशयाचे ते वाक्य. त्यावरून त्याच्या गटातल्या दोघांनी कुलूपबंदी अनावश्यक ठरवली होती. पुढे आठवडाभर बेरजा चुकत राहिल्या, आणि त्याही दर वेळी निराळ्या ठिकाणी.

रेफरन्स म्हणजे वस्तूचा पत्ता. एकाच आज्ञावलीत अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे अनेक प्रवाह, एकाच वेळी चालतात. एक थ्रेड पत्ता बदलत असताना दुसऱ्याने तो वाचला, तर त्याला जुना पत्ता मिळेल किंवा नवा मिळेल. अर्धा जुना, अर्धा नवा असा मिळणार नाही. जावाचे आश्वासन एवढेच आहे. ('लाँग' आणि 'डबल' या ६४ बिटांच्या संख्यांना, त्या 'व्होलाटाइल' म्हणून घोषित केल्याखेरीज, तेवढीही हमी नाही.) त्या पत्त्यावरच्या घरात काय चालले आहे, याविषयी वाक्य मौन पाळते. बांधकाम अर्धवट असतानाच दुसरा थ्रेड आत शिरू शकतो. २००४ साली जावा ५ बरोबर हे नियम नव्याने लिहिले गेले, 'व्होलाटाइल'चा अर्थ पक्का झाला. तरीही ॲरेच्या रेफरन्सला तो शब्द लावला, तर तो रेफरन्सपुरताच राहतो, आतल्या घटकांपर्यंत पोहोचत नाही.

वाचक आणि वाच्य यांची गल्लत केली, तर आपण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचे गुण कापतो. (सोस्यूरला इथे मुद्दामच आणत नाही, त्याचे 'चिन्हित' ही संकल्पना आहे, वस्तू नाही.) 'सी प्लस प्लस'च्या २०११ च्या प्रमाणित रूपात आलेला 'शेअर्ड पॉइंटर' थ्रेड-सेफ आहे, असे सर्रास म्हटले जाते. त्यात काय सुरक्षित? धारकांची मोजदाद सुरक्षित असते. पण तोच एक पॉइंटर दोन थ्रेडनी बदलला तर ती हमी उरत नाही, आणि निर्दिष्ट वस्तूची जबाबदारी तर सर्वस्वी लिहिणाऱ्याचीच.

२०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्टने हा भेद व्याकरणातच आणला. मूळ वस्तू अनेक थ्रेडनी एकदम वाचण्याजोगी असेल, तरच तिचा सामायिक रेफरन्स दुसऱ्या थ्रेडकडे धाडता येतो. एरवी कंपायलर ती आज्ञावली नाकारतो. प्रत्येक भाषेला हे जमणार नाही, हे मान्य. परंतु माहितीपुस्तिकेत एक वाक्य अधिक लिहिणे कोणालाही जमावे. जावाचे ते वाक्य काटेकोर आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या लगोलग, कशाची हमी नाही हे सांगणारे वाक्य हवे होते. संक्षेपाचा युक्तिवाद मला पटत नाही. संक्षिप्त सूत्र लिहिणाऱ्या परंपरेने भाष्यही लिहिले आहे.

आम्ही दोघांनी मिळून ते वाक्य सिद्ध केले: 'अविभाज्यता रेफरन्सची आहे, त्याने निर्दिष्ट केलेल्या वस्तूला ती लागू नाही.' त्याने ते गटाच्या टिपणात घातले. वरिष्ठांनी 'हे तर उघडच आहे' म्हणून ते काढून टाकले.