पांढऱ्या साखरेमागची माणसं



ऊस विकास विभागाकडून आपणांस नेहमी बेणे, खत, पाणी याविषयी वाचावयास मिळते. या वेळी आम्ही जरा वेगळा विषय घेत आहोत. विषय कलेचा आहे, पण तो साखरेचाही आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात नदीकाठी डोमिनो साखरेचा मोठा कारखाना होता. त्या जागी १८५६ सालापासून साखरेचे काम चालले. आपल्यासारखे उसाचे गाळप तिथं नव्हते. जहाजाने आलेली कच्ची साखर शुद्ध होऊन पांढरी व्हायची. १९९९ ते २००१ या काळात तिथल्या कामगारांनी वीस महिने संप केला. २००४ साली कारखाना बंद पडला.

पुढे २०१४ साली, जुने गोदाम पाडण्याआधी, कारा वॉकर या कृष्णवर्णीय कलावंत बाईंनी तिथं एक मांडणशिल्प उभं केलं. मांडणशिल्प म्हणजे जागेसकट केलेली कलाकृती. बघणाऱ्यानं तिच्यात हिंडून ती पाहायची. गोदामाच्या भिंतींवर जुन्या मळीचे ओघळ तसेच होते. मध्यभागी सुमारे ७५ फूट लांब, ३५ फूट उंच अशी बसलेली बाई होती. आत फोमचे ठोकळे, वरून पांढऱ्या साखरेचा थर. अंग सिंहिणीसारखं, चेहरा कृष्णवर्णीय बाईचा आणि डोक्याला फडकं. कॅरिबियन बेटांवर आफ्रिकेतून गुलाम आणून ऊस पिकवला गेला, ती ही माणसं. भोवती टोपल्या घेतलेली, मळीच्या रंगाची पोरं होती. उकाड्यानं ती पाघळली, काही मोडली. मोडलेले तुकडे दुसऱ्या पोरांच्या टोपल्यांत ठेवले गेले. उसाच्या फडापासून स्वयंपाकघरापर्यंत बिनमजुरीनं राबलेल्यांना ही मानवंदना आहे, असे कलाकृतीच्या लांबलचक नावातच म्हटले होते. ती पाहायला लाखावर माणसे आली.

कुणी म्हणेल, इथं आम्ही उसाच्या दरासाठी भांडतोय आणि ते लोक साखर पुतळ्याला फासतात! आम्हांस तसे वाटत नाही. पोत्यातली साखर पाहून ती कुणाच्या हातून आली हे कळत नाही. वॉकरबाईंनी त्याच साखरेतून ते हात लोकांपुढे आणले. एकच गोष्ट मनाला लागते. ही मानवंदना झाली ती कारखाना बंद पडून दहा वर्षे लोटल्यावर.

आपला कारखाना चालू आहे आणि त्याचे मालक आपण आहोत. तेव्हा आपण काय करतो ते पाहू. बॉयलरवर, पॅनवर, सेंट्रिफ्युगलवर काम करणाऱ्याचे नाव निदान हजेरीपटावर असते. काटापावतीवर सभासदाचे नाव, गट, उसाची जात, गाडी नंबर, वजन सगळे असते. करारावर मुकादमाचे नाव असते. पण थंडीत पहाटे फडात उतरून ज्यांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधून गाडीत भरला, त्यांचे नाव कुठेच नाही. तिथं नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. दोन माणसे, हिशेबात मात्र एक अवजार!

आम्ही स्वतः गटागटांत फिरतो. टोळ्या किती आल्या हे विचारतो. माणसे किती आली हे विचारायची रीतच नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. येत्या हंगामापासून प्रत्येक टोळीतील स्त्री-पुरुषांची नावे वेगवेगळी नोंदवावीत, बरोबरच्या मुलांचीही. नाव नोंदलेले असले, तर अपघात झाल्यावर विम्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागणार नाही. बाळंतीण बाई कोणत्या कोपीवर आहे हे दवाखान्याला कळेल, आणि साखरशाळेत किती पोरं बसवायची हेही. खर्च म्हणाल तर एक वही आणि गटातील स्लिपबॉयचे चार दिवस.

पुतळा उभारायला आपल्याकडे पैसा नाही, त्याची गरजही नाही. हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा अशी विनंती आम्ही संचालक मंडळास करीत आहोत. सभासदांनी पाठिंबा द्यावा.

— ऊस विकास अधिकारी