अंगणवाडी: मजुरांच्या मुलांकडे परतलेली माँटेसरी (थ्रेड)

'माँटेसरी' म्हटले की आज महागडी फी आणि गुळगुळीत लाकडी साधने डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये पहिले बालगृह उघडले ते रोमच्या सान लोरेंझो या मजूरवस्तीत, आईबाप दिवसभर कामावर असलेल्या मुलांसाठी.

गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले १९२० मध्ये. राजकोटचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ, १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार. खुद्द माँटेसरी भारतात आल्या १९३९ मध्ये. तोवर येथील काम एकोणीस वर्षांचे झाले होते!

तरीही हे काम शहरी, सुस्थित घरांपुरतेच होते. १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या. सोबत आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह, सहा महिन्यांत वैधव्य, पुढे नाशिक जिल्ह्यातील चांदोरीला शिक्षिका, मग पुणे, असा त्यांचा तोवरचा प्रवास.

बोर्डीत लाकडी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे आले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. 'अंगणवाडी' ती हीच. पुढे कोसबाडला आदिवासी मुले गुरांमागे जात, म्हणून कुरणशाळा निघाली. मुली धाकटी भावंडे सांभाळत घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली. मूल शाळेत का येत नाही, याचा दोष या दोघींनी मुलाला वा पालकांना दिला नाही; त्यांनी शाळाच बदलली. माँटेसरींच्या साधनांपेक्षा ही सूझ मोठी मानली पाहिजे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आहार आणि लसीकरणाचे मोल कोण नाकारील? भुकेले मूल शिकत नाही. परंतु योजनेच्या सहा सेवांत बालशिक्षण ही केवळ एक सेवा ठरली, आणि शिकवणारी बाई 'सेविका' झाली; तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. सरकारने नाव उचलले, पद्धत कोसबाडलाच राहिली.

द्राक्षहंगामात पेठ-सुरगाण्याची आदिवासी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांवर मजुरीला उतरतात, लहानग्यांना घेऊन. गावची अंगणवाडी मागे राहते. चांदोरी याच निफाड तालुक्यातले. कोसबाडच्या रीतीने पाहिले, तर या मुलांची बालवाडी द्राक्षबागेच्या बांधावरच भरायला हवी.