न वाचता उमटवलेला अंगठा

दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी आणि मळणी आटोपली, की भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याचे पाऊल पूर्वी बाजारपेठेकडे वळत असे. आता बाजारपेठेच्या आधी त्याला संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहावे लागते. हमीभावाने धान विकायचे तर ऑनलाइन नोंदणी, सातबारा पाहायचा तर महाभूलेख, पिकाची नोंद करायची तर २०२१ साली राज्यभर सुरू झालेले ई-पीक पाहणीचे ॲप. हे सारे सोयीचे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु माणूस शासकीय संकेतस्थळापाशी थांबत नाही. तो बाजारभाव शोधतो, बियाण्याची माहिती पाहतो, आईच्या गुडघेदुखीवरचा उपाय वाचतो, मुलीसाठी स्थळे पाहतो. अशा वेळी पडद्याच्या तळाशी एक पट्टी उगवते. बहुधा ती इंग्रजीत असते. आम्ही 'कुकीज' वापरतो, आपली संमती आहे ना, असा तिचा आशय. शेजारी होकाराचे ठळक बटण. नकाराचे बटण असलेच, तर ते शोधावे लागते. बोट ठळक बटणावर पडते, पट्टी नाहीशी होते आणि संमती दिली जाते. कुणाला दिली, कशासाठी दिली, किती काळासाठी दिली, हे देणाऱ्याला ठाऊक नसते.

ही कुकी म्हणजे काही खाद्यपदार्थ नव्हे, तसा तो विषाणूही नव्हे. संकेतस्थळ आपल्या ब्राउझरमध्ये ठेवून देते ती ही एक छोटीशी ओळखचिठ्ठी. १९९४ साली नेटस्केप या अमेरिकन कंपनीतील लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने ती योजना केली. तिचा मूळ हेतू निरुपद्रवी होता. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेला माणूस तोच आहे, हे त्याला कळत नाही. खरेदीसाठी निवडलेल्या वस्तू लक्षात राहाव्यात, बँकेच्या पानावर क्षणाक्षणाला संकेतशब्द विचारावा लागू नये, यासाठी ही चिठ्ठी कामी येते. आजही तिच्यावाचून अनेक व्यवहार चालणार नाहीत. तेव्हा 'कुकी' शब्द ऐकताच दचकण्याचे कारण नाही.

दचकायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीने. आठवडी बाजाराचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. आपण किराणा दुकानात गेलो आणि दुकानदाराने आपला चेहरा लक्षात ठेवला, तर त्यात वावगे काही नाही, उलट आपलेपणाच आहे. पण प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच व्यापाऱ्याचा एकेक माणूस वही घेऊन बसला आहे, आपण कुठे थांबलो, काय हाताळले, काय न घेता परत ठेवले, औषधाच्या दुकानात कोणत्या आजाराचे नाव काढले, हे सारे टिपतो आहे आणि सायंकाळी त्या सर्व वह्या एकत्र केल्या जातात, अशी कल्पना करावी. तृतीय पक्षाच्या कुकीजचे काम नेमके असेच चालते. आपण एका संकेतस्थळावर जातो, पण त्या पानावर जाहिरात कंपन्यांचे अदृश्य धागे विणलेले असतात. तीच कंपनी शेकडो संकेतस्थळांवर असते, त्यामुळे तिला आपला सारा प्रवास दिसतो. पान उघडत असतानाच, पापणी लवण्याच्या आत, त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो आणि बोली लावणाऱ्यांपुढे आपल्याविषयीचे तपशील ठेवले जातात. लाखांदूरच्या शेतकऱ्याने रोवणी यंत्राची किंमत पाहिली, की आठवडाभर तेच यंत्र त्याच्या मागे का लागते, याचे उत्तर या लिलावात आहे.

यंत्राची जाहिरात मागे लागली तर बिघडले काय, असे कुणी म्हणेल. आमच्याकडे लपवण्यासारखे आहे काय, असेही विचारले जाते. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. आपल्या घराला उंबरठा असतो, तो घरात चोरीचा माल दडवला आहे म्हणून नव्हे. आत काय आणि बाहेर काय, ही मर्यादा ठरवण्याचा अधिकार घरातल्या माणसांचा आहे, म्हणून तो असतो. ज्याला आपली गरज, आपली भीती आणि आपली अडचण ठाऊक आहे, तो आपल्याला वस्तू विकू शकतो. अडचणीच्या क्षणी तो चढ्या व्याजाचे कर्जही विकू शकतो आणि निवडणुकीच्या काळात विचारही विकू शकतो. सुरतेच्या मोहिमेआधी बहिर्जी नाईकांनी आणलेल्या बातमीचे मोल शिवछत्रपतींनी जाणले होते. माहिती हेच बळ, हे सूत्र महाराष्ट्राला नवे नाही. नवे एवढेच, की आज हेराला वेश पालटून आपल्या दारी यावे लागत नाही. आपणच बटण दाबून त्याला आत घेतो.

महाराष्ट्राने न वाचता दिलेल्या संमतीची किंमत यापूर्वीही मोजली आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उद्रेक झाला. त्या दिवसांत गावोगावी सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे म्हणून ओळखली जाते. या संतापाच्या मुळाशी निरक्षर कुणब्याने न वाचता उमटवलेला अंगठा होता. रोख्यात काय लिहिले आहे, मुद्दल किती आणि व्याज किती, हे त्याला माहीत नसे, पण न्यायालयात तोच अंगठा त्याची संमती म्हणून पुढे येई. या उद्रेकानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यातील तीन तरतुदी आजही विचार करायला लावणाऱ्या आहेत. शेतकऱ्याचा दस्त ग्राम-निबंधकासमोरच व्हावा, शेतकऱ्याला हिशेबाची प्रत मागता यावी आणि न्यायालयाने केवळ रोख्यावर न विसंबता मूळ व्यवहार तपासावा. तेव्हा मध्य प्रांतात असलेल्या भंडाऱ्यालाही कर्जाच्या ओझ्यावर १९३३ च्या कर्ज तडजोड कायद्याची वाट पाहावी लागली. अंगठा उमटला म्हणजे संमती झाली असे नव्हे, हा धडा आपल्या पूर्वजांनी फार कष्टाने शिकवला आहे.

आजचा रोखा मात्र एकट्या सही करणाऱ्याला बांधून थांबत नाही. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकने २०१८ मध्ये स्वतःच दिलेली आकडेवारी आठवावी. भारतात संबंधित ॲप घेणारे लोक होते अवघे ३३५. पण त्यांच्या मित्रयाद्यांमधून ज्यांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या होती ५ लाख ६२ हजारांहून अधिक. एकाच्या बोटाने सोळाशे-सतराशे जणांचे दार उघडले, असा याचा अर्थ. म्हणूनच हा केवळ व्यक्तीच्या आवडीनिवडीचा विषय नाही, तो समाजाचा विषय आहे.

आणि तो राष्ट्राचाही विषय आहे. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अमेरिकन ॲपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावण्याच्या वाटा दाखवणारा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. त्या निरुपद्रवी रेघांमधून परदेशांतील सैनिकी तळांचे आराखडे उघड होत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये जगाच्या लक्षात आले. कुणी सैनिकाने गुपित फोडले नव्हते, तो फक्त सकाळी धावत होता. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला संरक्षण दलांसाठी स्फोटके तयार करणारी आयुध निर्माणी आहे. तिथे जाणारे-येणारे कामगार, अधिकारी आणि त्यांची कुटुंबे यांच्या हातातही आपल्यासारखेच मोबाईल आहेत. कोण कुठे जातो, किती वाजता परततो, हे एकेकट्याचे तपशील क्षुल्लक असतात. त्यांची रास झाली, की त्यातून वेगळेच चित्र उभे राहते. गलवानच्या संघर्षानंतर २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, ती याच जाणिवेतून. ते पाऊल योग्यच होते. पण चिनी कंपनीने घेतलेली माहिती तेवढी धोक्याची आणि अमेरिकन कंपनीने घेतलेली सुरक्षित, असा समज करून घेणे भाबडेपणाचे ठरेल.

सुदैवाने देशाने या प्रश्नाची दखल घेतली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला आणि बऱ्याच चर्चेनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी, असे हा कायदा सांगतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. आपली कोणती माहिती घेतली, ती कुणाला दिली, हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून टाकायला लावण्याचा हक्क नागरिकाला आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिरातींना मनाई आहे. माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि भाषाप्रेमींनी लक्षात ठेवावे असे एक कलम आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. म्हणजेच मराठीत विचारा, मग उत्तर देतो, असे म्हणण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे. १८७९ च्या ग्राम-निबंधकाचेच हे आधुनिक रूप म्हणायचे.

तथापि कायदा झाला म्हणून निश्चिंत होता येणार नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू व्हायची आहेत. शासकीय यंत्रणांना दिलेल्या सवलती विस्तृत आहेत आणि त्यांचा वापर राष्ट्रसुरक्षेच्या खऱ्या गरजेपुरताच मर्यादित राहील, हे लोकप्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. युरोपचा अनुभवही बोलका आहे. तेथे कडक नियम २०१८ पासून लागू आहेत, तरी नकार देणे होकारापेक्षा मुद्दाम अवघड ठेवल्याबद्दल फ्रान्सच्या नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोचा दंड जाहीर केला. तृतीय पक्षाच्या कुकीज आपल्या ब्राउझरमधून हद्दपार करू, अशी घोषणा गुगलने २०२० मध्ये केली होती. २०२४ मध्ये तिने तो बेतच सोडून दिला. ज्याचे उत्पन्न जाहिरातीवर चालते, त्याच्या संयमावर समाजाचे संरक्षण सोपवता येत नाही.

इथे दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपण आपल्या अंगणाकडे पाहिले पाहिजे. आपल्या पतसंस्था, शिक्षणसंस्था, देवस्थाने, वाचनालये आणि सेवाकार्ये यांनीही आता संकेतस्थळे काढली आहेत. रक्तदान शिबिरातील दात्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक कौतुकाने सर्वांना दिसतील असे टाकले जातात. प्रवेश अर्जात नको ते रकाने असतात. देणगीदारांच्या याद्या भ्रमणध्वनीवरून या हातातून त्या हातात फिरतात. संकेतस्थळ ज्याने बांधून दिले, त्याने त्यात कोणाकोणाचे धागे विणले आहेत, हे कार्यकारिणीला माहीत नसते. हेतू निर्मळ असतो, पण विश्वासाने दिलेली वस्तू ही ठेव असते आणि ठेव सांभाळणे हा धर्म आहे. लागेल तेवढेच विचारावे, काम झाल्यावर पुसून टाकावे आणि काय घेतले ते मराठीत सांगावे. संस्थांनी हा परिपाठ कायद्याच्या तारखेची वाट न पाहता आजपासून सुरू करावा.

घराघरांत करण्यासारख्या गोष्टीही अवघड नाहीत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तृतीय पक्षाच्या कुकीज बंद करण्याची सोय असते, ती वापरावी. पट्टी आली की होकाराचे बटण दाबण्याआधी नकाराचे शोधावे. ते दिसत नसेल, तर त्या संकेतस्थळाविषयी तेवढ्यानेच सावध व्हावे. शासकीय कामासाठी पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' आहे ना, हे पाहावे, कारण योजनांच्या नावाशी साधर्म्य साधणारी खासगी संकेतस्थळे शोधयादीत वर येतात. सेवा केंद्रातील संगणकावर काम झाल्यावर खाते बंद झाल्याची खात्री करावी आणि मोबाईलवर आलेला क्रमांक सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवू नये. कुकी बंद केली म्हणजे माग संपला असे नाही. मोबाईलची स्वतःची जाहिरात-ओळख असते, ॲप ठावठिकाणा विचारतात. म्हणून प्रत्येक परवानगी देताना क्षणभर थांबण्याची सवय हाच खरा उपाय आहे. तुमसर, साकोली, पवनीच्या एखाद्या शाळेत तासभर हे दाखवून देणारा संगणक जाणणारा तरुण कार्यकर्ता एका ग्रंथाहून अधिक काम करील.

सुप्याच्या शेतकऱ्याला निदान रोखा जाळता तरी आला. कागद एकच होता, तो राख झाला की सावकाराचा दावा लटका पडे. आजच्या माहितीच्या प्रती किती, कोणत्या देशात आणि कोणाच्या ताब्यात आहेत, हे देणाऱ्याला कळतही नाही. तिची होळी करता येत नाही. म्हणून या वेळी शहाणपण उद्रेकानंतर नव्हे, अंगठ्याआधी यायला हवे. दीडशे वर्षांपूर्वी कुणब्याला वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते. तरीही आपण न वाचताच अंगठा उमटवणार असू, तर पुढच्या पिढीने तो दोष कुणाच्या माथी मारायचा?